गट, कारखाना आणि खासदाराचं दप्तर

२००४ साली कोल्हापूर लोकसभेला सदाशिवराव मंडलिक राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि धनंजय महाडिक शिवसेनेचे. मंडलिक थोड्या फरकाने जिंकले. २०१४ ला महाडिक राष्ट्रवादीत होते आणि मंडलिकांचे चिरंजीव संजय शिवसेनेत. महाडिक सुमारे ३३ हजारांनी निवडून आले. २०१९ ला तीच जोडी, तेच पक्ष, निकाल मात्र उलटा आणि फरक २ लाख ७० हजारांच्या वर. पुढे महाडिक भाजपमध्ये गेले आणि २०२२ ला राज्यसभेत पोचले. त्याच वर्षी संजय मंडलिक आणि हातकणंगल्याचे धैर्यशील माने हे जिल्ह्यातले दोन्ही लोकसभा सदस्य एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले.

बाहेरच्या माणसाला हे पक्षांतराचं कोष्टक वाटेल. कोल्हापूरकराला तसं काही वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने कुणी हललेलंच नसतं. मंडलिक गट मंडलिक गटातच आहे, महाडिक गट महाडिक गटात. वर पाटी कुठली लावायची हा मुंबईत ठरणारा विषय. गावातला कार्यकर्ता सेवा सोसायटी, दूध संस्था, कारखान्याचा गट आणि जिल्हा बँकेचा ठराव एवढ्या चार ठिकाणी बांधलेला असतो. लोकसभेचं बटण ही त्या बांधणीची शेवटची गाठ.

या पद्धतीवर टीका करणारे बहुतेक लेख गटबाजीला शिव्या घालून थांबतात. त्यात आम्हाला रस नाही. गट राहणार, कारण त्याच्या मागे ऊसतोडीचा क्रम, पीककर्ज आणि दुधाचं बिल आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे: दीर्घकाळ खासदार राहिलेल्या माणसाचं मोजमाप आपण गटाच्या हिशेबाने करतो, त्याचे वादही गटाच्या हिशेबाने लक्षात ठेवतो, आणि ज्या कामासाठी त्याला दिल्लीला धाडलं त्याचं दप्तर कुणी उघडत नाही. ते उघडं असतं, फुकट असतं, आणि वाचायला फार तर दोन संध्याकाळी लागतात.

सदाशिवराव मंडलिकांचंच उदाहरण घेऊ, कारण त्यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. कागलचे चार वेळा आमदार, राज्यात राज्यमंत्री, हमीदवाड्याच्या कारखान्याचे संस्थापक, मग १९९८, १९९९, २००४ आणि २००९ असे चार वेळा खासदार. पहिल्यांदा काँग्रेस, मग दोनदा राष्ट्रवादी, चौथ्यांदा अपक्ष. कागलला उगाच राजकारणाचं विद्यापीठ म्हणत नाहीत. विक्रमसिंह घाटग्यांशी झालेला त्यांचा संघर्ष आणि हसन मुश्रीफांशी आधी गुरू-शिष्याचं, मग उभ्या वैराचं नातं यावर तिथल्या दोन पिढ्या वाढल्या. २००९ ला शरद पवारांनी त्यांची उमेदवारी कापून संभाजीराजेंना दिली, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. ते अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजारांनी जिंकले. त्याच वेळी शेजारच्या हातकणंगल्यात राजू शेट्टींनी राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना हरवलं. म्हणजे एकाच दिवशी जिल्ह्यातल्या दोन्ही जागांवर, ज्यांच्या हाती कारखाने आणि बँक होती त्या पक्षाला मतदाराने नाही म्हटलं. तो निकाल कोल्हापूरकर अजून अभिमानाने सांगतो आणि सांगावाच.

पण पुढच्या पाच वर्षांचं काय? अपक्ष खासदार म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा कुणी समजावलं नाही. अपक्षावर व्हिप चालत नाही, ही त्याची ताकद. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे तो निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात रीतसर गेला तर सदस्यत्व जातं; बाहेरून पाठिंबा देता येतो. मंडलिक केंद्रात काँग्रेसच्या बाजूने राहिले, ते या चौकटीत बसणारं होतं. मात्र सभागृहात बोलायचा वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटला जातो. दीडशे-दोनशे सदस्यांच्या पक्षाला तास मिळतात, अपक्षाच्या वाट्याला काही मिनिटं, तीही बहुधा चर्चेच्या शेवटी. स्थायी समित्यांवरच्या जागाही पक्षांच्याच यादीने भरतात. स्वाभिमानाने जिंकलेल्या जागेची ही किंमत होती. ती मोजूनही मतदाराने तोच निर्णय घेतला असता असं आम्हाला वाटतं. पण मोजली कुणी नाही.

टर्म मोजण्यातही आपण ढिले आहोत. चार वेळा खासदार म्हटलं की वीस वर्षं डोळ्यांसमोर येतात. बारावी लोकसभा १३ महिन्यांत संपली, त्यामुळे मंडलिकांची चार टर्म म्हणजे १९९८ ते २०१४, सोळा वर्षं. त्यांच्या आधी उदयसिंगराव गायकवाड १९८० पासून सलग पाच वेळा काँग्रेसकडून निवडून आले; १९८९ आणि १९९६ च्या लोकसभा अर्ध्यावर विसर्जित झाल्यामुळे पाच टर्मची अठरा वर्षं झाली. इचलकरंजीचे बाळासाहेब माने १९७७ ते १९९६, तिथेही पाच टर्म आणि एकोणीस वर्षं. या दोघांच्या कारकिर्दीत वाद कमी, आणि आठवणीही कमी. मंडलिकांची लढाई सगळ्यांना पाठ, गायकवाडांची पाच सलग विजयांची पाटी मात्र सांगायला लागते. वादावर माणूस लक्षात राहतो हे खरं, पण त्यामुळे आपण कामाचं माप वादाच्या आवाजावर ठरवायला लागलो.

२०२४ च्या प्रचारात याचा कळस झाला. काँग्रेसचे उमेदवार शाहू छत्रपती यांच्या दत्तक असण्यावर संजय मंडलिक बोलले आणि प्रचाराचा बराच काळ त्यावरच गेला. ज्या गावात राजर्षी शाहू स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आले, तिथे हा मुद्दा चालेल असं कुणाला का वाटलं असावं, हे कोडं आहे. निकाल सुमारे दीड लाखांनी उलटा गेला. पण त्या गदारोळात मावळत्या खासदाराने पाच वर्षांत काय प्रश्न विचारले, निधी कुठे गेला, यावर एक सभा झाली नाही. झाली असती तर कदाचित मंडलिकांनाच दोन शब्द बोलता आले असते.

दप्तर उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. कुठलं काम खासदाराचं आणि कुठलं नाही? कोल्हापुरात श्रेयाची भांडणं बहुतेक इथेच फसतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं घ्या. १७ ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन झालं, १८ पासून कामकाज सुरू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. शहरात फलक लागले, त्यावर प्रत्येक पक्षाच्या नेत्याचा फोटो. कायदा काय सांगतो? राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३): उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने दुसऱ्या ठिकाणी न्यायमूर्तींना बसवू शकतात. यात खासदाराची सही कुठेच नाही. श्रेय द्यायचंच तर ते चार दशकांहून जास्त काळ कामकाजावर बहिष्कार टाकून, धरणं धरून हा विषय जिवंत ठेवणाऱ्या वकिलांना, आणि शेवटी निर्णय घेणाऱ्या मुख्य न्यायमूर्तींना. गंमत अशी की पुढची पायरी मात्र थेट खासदाराच्या अंगणात आहे. कायम खंडपीठ हवं असेल तर ते कलम ५१(२) खाली, राष्ट्रपतींच्या आदेशाने होतं. म्हणजे केंद्रीय विधी मंत्रालय. फलकावरच्या चेहऱ्यांना विचारायचा प्रश्न हा आहे, आणि तो अजून फारसा कुणी विचारलेला दिसत नाही.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे याच्या उलट. ते शंभर टक्के खासदाराचं काम. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात, सुरेश प्रभू मंत्री असताना, सुमारे १०८ किलोमीटरचा हा मार्ग घेतला गेला. तेव्हापासून तीन वेगवेगळ्या घराण्यांचे तीन खासदार झाले आणि रुळाचा पत्ता नाही. इथे आपली फसगत एका ठरलेल्या पद्धतीने होते. अर्थसंकल्पात मार्गाचं नाव आलं की बातमी होते, पेढे वाटले जातात. पण रेल्वेच्या कामांचं खरं चित्र असतं ते अर्थसंकल्पाबरोबर येणाऱ्या पिंक बुकात. तिथे प्रत्येक कामापुढे त्या वर्षाची तरतूद असते. भूसंपादनाला पैसा नसेल, नुसती नावापुरती टोकन रक्कम असेल, तर त्या वर्षी काम होणार नाही हे फेब्रुवारीतच कळतं. मग विचारायचं असतं ते असं: अंतिम सर्वेक्षण झालं का, आराखड्याला आर्थिक मान्यता कुणाकडे अडली, राज्याने खर्चातला वाटा उचलायचं लेखी दिलं का. ‘रेल्वेमंत्र्यांना निवेदन दिलं’ हे उत्तर या तिन्हीतल्या एकाचंही उत्तर नाही.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय तर याहून गंभीर. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी शिरोळ आणि करवीरमध्ये पाहिले त्यांना ५१९ आणि ५२४ हे आकडे पाठ आहेत. कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने, ब्रिजेशकुमार आयोगाने, डिसेंबर २०१० च्या निवाड्यात धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायला वाट मोकळी केली. असा निवाडा लागू होतो तो आंतरराज्य जलविवाद कायदा १९५६ च्या कलम ६ प्रमाणे केंद्राने राजपत्रात प्रसिद्ध केल्यावर. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणामुळे ते अडलं आहे. पूर नक्की कशामुळे येतो, अलमट्टीच्या फुगवट्याचा त्यात वाटा किती आणि पूररेषेतल्या बांधकामांचा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण केंद्रीय जल आयोगाने काय पाहणी केली, केंद्र न्यायालयात कोणती बाजू मांडणार, हे विचारायची जागा लोकसभाच आहे. शाहूवाडीपासून शिरोळपर्यंतचा आणि चंदगडपासून करवीरपर्यंतचा, असे दोन्ही खासदार यावर एका पानावर हवेत. गट वेगळा असला तरी पाणी दोन्हीकडे येतं.

आता प्रत्यक्ष दप्तर. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावावर त्याचे सगळे प्रश्न आणि उत्तरं मिळतात. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर उपस्थिती, चर्चा आणि प्रश्नांची संख्या. आपल्याकडे फक्त संख्या उचलली जाते. ‘आमच्या खासदारांनी पाचशे प्रश्न विचारले’ अशी पत्रकं निघतात, आणि विरोधक उपस्थितीचा टक्का काढतात. दोन्ही निरुपयोगी.

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. नोटीस साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं. तारांकित म्हणजे तोंडी उत्तर, उपप्रश्न विचारायची संधी. सदस्याचा एका दिवशी एकच लागू शकतो. अकरा ते बाराच्या तासात वीसपैकी मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात. बाकी सगळे लेखी. त्यामुळे मोठ्या आकड्यात बहुतेक माल अतारांकित असतो, आणि त्यात अशी कितीतरी पानं सापडतात जिथे एकाच मजकुराच्या प्रश्नावर पाच-सात राज्यांतल्या खासदारांची नावं एकत्र असतात. असे प्रश्न कुणीतरी लिहून देतं आणि ते वाटले जातात. यादी चाळताना आधी हे जोडनावांचे प्रश्न बाजूला काढा. उरलेल्यांत आपल्या जिल्ह्याशी संबंध असलेले किती ते बघा. मग त्यातल्या कुठल्या विषयावर तोच प्रश्न पुढच्या अधिवेशनात परत, अधिक टोकदार होऊन आला ते शोधा. आमच्या मते पाठपुराव्याचे दहा प्रश्न फुटकळ तीनशेंपेक्षा जास्त किमतीचे.

उत्तर वाचायलाही नजर लागते. ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ असं मंत्र्याने लिहिलं की तो विषय संपला असं समजतात. खरं तर ते सरकारी आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि न झाल्यास त्यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे. जाणता खासदार इथून काम काढतो. नवखा, किंवा चौथ्या टर्मचा पण दिल्लीत मन न रमलेला, उत्तराची प्रत वर्तमानपत्राला पाठवून मोकळा होतो. राज्य सरकारच्या अखत्यारीतला प्रश्न मुळात स्वीकारलाच जात नाही, हेही ध्यानात ठेवावं. शहराची हद्दवाढ १९७२ ला महापालिका झाल्यापासून अडली आहे म्हणून खासदाराला धारेवर धरणं म्हणजे चुकीच्या दारावर थाप. ते दार मंत्रालयात आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांत आहे.

खासगी विधेयक हा आणखी एक गैरसमज. राजू शेट्टींनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभावाचा अधिकार यांवर दोन विधेयकं लोकसभेत मांडली. ती मंजूर झाली नाहीत म्हणून टिंगल करणारे आहेत. स्वातंत्र्यापासून आजवर फक्त १४ खासगी विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. शुक्रवारी दुपारचे अडीच तास त्यासाठी ठेवलेले असतात, आणि तेव्हा बरेच सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात. असं विधेयक मांडण्याचा उपयोग मजकूर पक्का करून तो सरकारपुढे आणि देशापुढे ठेवणं एवढाच. तेवढं शेट्टींनी केलं, आणि या जिल्ह्याच्या दप्तरात ते ठळक नोंदवायला हवं. त्यांची युती बदलण्याची सवय हा स्वतंत्र विषय.

खासदार निधीवर मात्र लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात कमी जाणतात. योजना २३ डिसेंबर १९९३ ला सुरू झाली. १९९८-९९ पासून वर्षाला २ कोटी, २०११-१२ पासून ५ कोटी. कोल्हापूर मतदारसंघात चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर असे सहा विधानसभा भाग आहेत. ५ कोटी भागिले सहा, म्हणजे एका भागाला वर्षाला ८३ लाख. त्यातही १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्तीवर आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्तीवर खर्च करायची अट. एवढ्या पैशात रस्त्यांचं जाळं होत नाही, हे ज्याला कळलं तो खासदाराकडे गटर मागायला जात नाही. करोनाकाळात एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ निधी बंदच होता, तो काळही हिशेबात धरावा लागतो. २०१९ च्या खासदारांवर त्याबाबत थोडा अन्याय झाला.

पैसा खासदाराच्या हातात कधीच येत नाही. तो शिफारस करतो. जिल्हाधिकारी कार्यालय ते काम नियमात बसतं का बघतं, यंत्रणा ठरवतं, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता घेतं आणि ४५ दिवसांत प्रशासकीय मान्यता द्यायची किंवा कारण सांगून नाकारायचं असतं. मग निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी ज्याच्या ताब्यात द्यायचं त्या संस्थेकडे हस्तांतरण. काम सामान्यतः वर्षाच्या आत संपायला हवं. अडतं कुठे? बहुतेक वेळा पहिल्याच पायरीला. गावाने समाजमंदिर मागितलेलं असतं आणि जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक भलत्याच्या नावावर. तालमीच्या बाबतीत हा घोळ शहरात हमखास: तालीम शंभर वर्षांची, कागद एक नाही. खासगी संस्थेची किंवा धार्मिक स्थळाची कामं चालत नाहीत, आणि निधीतून बांधलेल्या वास्तूला व्यक्तीचं नाव देता येत नाही, तरी मागण्या त्याच येतात. दुसरी अडचण पावसाची. राधानगरी, चंदगडच्या बाजूला जून ते सप्टेंबर माती हलत नाही; शिफारस मे महिन्यात गेली तर काम दिवाळीनंतरच. आणि निवडणुकीच्या वर्षात आचारसंहिता लागली की आदेश निघालेलं पण सुरू न झालेलं कामही थांबतं. म्हणून शेवटच्या वर्षी घाईने दिलेल्या शिफारशींची लांबलचक यादी दिसली तर समजावं की आधीची चार वर्षं निवांत गेली. तिसरी गोष्ट देखभाल. चौकातला हायमास्ट लावला खासदाराने, वीजबिल ग्रामपंचायतीने भरायचं. सहा महिन्यांत दिवा बंद आणि खांबावरचा फलक तेवढा शाबूत.

याहून कितीतरी मोठी रक्कम ज्या बैठकीत खासदाराच्या नजरेखालून जाते, तिचं नाव पुष्कळ कार्यकर्त्यांना माहीत नाही. ‘दिशा’, म्हणजे जिल्हा विकास समन्वय आणि संनियंत्रण समिती. २०१६ पासून आहे. खासदार अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्ह्यात एकापेक्षा जास्त खासदार असतील तर ज्येष्ठ अध्यक्ष आणि दुसरे सहअध्यक्ष. रोजगार हमी, ग्रामसडक, घरकुल, जलजीवन, सगळ्या केंद्रीय योजना इथे तपासल्या जातात. बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. वर्षात चार झाल्या का, इतिवृत्तात काय लिहिलंय, मागच्या बैठकीतल्या किती मुद्द्यांवर पूर्तता अहवाल आला, हे दहा रुपयांच्या माहिती अर्जात मिळतं, तीस दिवसांत. खासदाराची पाच वर्षं या वीस इतिवृत्तांत जितकी दिसतात तितकी कुठल्याही कार्यअहवालात दिसत नाहीत.

वादांपैकी गुन्ह्यांच्या नोंदींवर थोडंच. उमेदवाराचं शपथपत्र २००४ च्या लोकसभेपासून मिळतं; गायकवाड आणि माने यांच्या काळात ते नव्हतंच, त्यामुळे जुने खासदार स्वच्छ आणि नवे गुन्हेगार असली तुलना पोकळ. दुसरं, गुन्ह्यांचा आकडा बघू नका, कलमं बघा. ऊस आंदोलन करणाऱ्याच्या नावावर जमावबंदी मोडल्याचे, रस्ता अडवल्याचे, सरकारी कामात अडथळ्याचे गुन्हे ढिगाने असतात: जुन्या दंडविधानातलं १४३, ३४१, ३५३, महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं १३५. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत क्रमांक बदलले, ३५३ चं १३२ झालं, ४२० चं ३१८(४). पंचवीस आंदोलनांचे गुन्हे एकीकडे आणि विश्वासघाताचं किंवा फसवणुकीचं एकच, आरोपनिश्चिती झालेलं प्रकरण दुसरीकडे, दुसरं जड. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सदस्यत्व जातं, आणि जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलाच्या नावाखाली खुर्ची टिकत नाही.

खरा वाद यातला कुठलाच नाही. तो साखरेचा आहे, आणि त्यावर सगळे गट मिळून गप्प असतात.

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र ठरवतं. साखरेचा किमान विक्री दर केंद्र ठरवतं. निर्यातीचा कोटा, इथेनॉलचा दर, सगळं केंद्र. म्हणजे कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नावर लोकसभा सदस्याचा जितका संबंध येतो तितका दुसऱ्या कुठल्याच विषयात नाही. २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. बारा टक्के उताऱ्याच्या कारखान्याला हे टनामागे ४,१५५ रुपयांच्या आसपास जातं. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेलं शेतकऱ्याचं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ते चौदा दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. शेट्टींच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. दुसऱ्या बाजूला साखरेचा किमान दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, आणि एफआरपी चढत गेली तरी तो वर्षानुवर्षे तिथेच थांबला. कारखानदार म्हणतो आधी ३१ वाढवा; शेतकरी म्हणतो आधी माझे चौदा दिवस पाळा. दोघांचंही म्हणणं खरं आहे.

मग दिल्लीत बसलेला माणूस कुणाच्या बाजूने बोलणार? इथे गेल्या पन्नास वर्षांतल्या बहुतेक खासदारांचा कुठल्या ना कुठल्या कारखान्याशी संबंध राहिला. रत्नाप्पाण्णा कुंभारांपासून ही परंपरा आहे, ज्यांची सही भारताच्या संविधानावर आहे आणि ज्यांनी पंचगंगा कारखाना उभा केला. तेव्हा कारखाना आणि शेतकरी यांचं हित एकच धरलं जायचं आणि बऱ्याच अंशी ते होतंही. आज एकाच सभासदाच्या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात, आणि संचालक मंडळातला खासदार त्यातली एकच मोठ्या आवाजात मांडतो. तो अप्रामाणिक असतो असं आमचं म्हणणं नाही. त्याच्या टेबलावर जी फाईल रोज येते तीच त्याच्या तोंडी येते.

राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, नियम २९३ खाली. मोबदला मिळणारं संचालकपद त्यात लिहावं लागतं. सहकारी कारखान्याचं अध्यक्षपद मानद म्हणून त्यातून सुटू शकतं. लोकसभेत नव्वद दिवसांत मालमत्ता आणि देणी अध्यक्षांकडे द्यायची असतात, आणि प्रत्यक्ष मतदानात कुणाचा थेट आर्थिक हितसंबंध असेल तर नियम ३७१ प्रमाणे त्याच्या मताला हरकत घेता येते. शपथपत्राच्या नमुना २६ मध्ये शेअर, ठेवी, जमीन, कर्ज सगळं येतं; कोणत्या संस्थेवर कोण काय आहे, हे विचारणारा रकाना नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. कोल्हापुरात उमेदवारी मागणाऱ्याला हे आजही स्वतःहून देता येतं: आपण किंवा घरातलं कुणी ज्या कारखान्यावर, बँकेवर, दूध संघावर आहे त्यांची यादी, त्या कारखान्याने मागच्या तीन हंगामांत एफआरपी कितव्या दिवशी चुकती केली, साखर आयुक्तांची आरआरसी, म्हणजे थकबाकीच्या महसुली वसुलीचा आदेश, कधी लागली होती का. साखर आयुक्तालय हंगामात दर पंधरवड्याला एफआरपीचा कारखानानिहाय तक्ता काढतं, त्यामुळे खोटं लिहायची सोय फारशी नाही. पहिल्या उमेदवाराने असा कागद छापला की दुसऱ्याला छापावाच लागेल. आणि ज्याचा कुठल्याच कारखान्याशी संबंध नाही, त्याने एफआरपी आणि ३१ रुपयांच्या दरावर आपली बाजू कोणती, हे दोन ओळींत लिहून द्यावं.